काठोकाठ भरलेले पात्र

पूर्वी वेणुमती नगरीवर वंकसेन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व त्याच्या न्यायसभेत अमात्य होते. त्यांचे नाव अर्थदर्शी.

त्या सभेची एक चाल होती. राजाच्या वडिलांवर एका फिर्यादीने बोलता बोलता सुरा उगारला होता. तेव्हापासून बोलणाऱ्याच्या दोन्ही हातांत पाण्याने काठोकाठ भरलेले पात्र देत. थेंब सांडला की बोलणे खोटे ठरे. साहजिकच ज्यांच्या पोटात काही कालवत नसे, त्यांचेच म्हणणे तिथे खरे होई. अर्थदर्शींच्या हातून आजवर एक थेंबही सांडला नव्हता, आणि त्यामुळेच सभेत त्यांचा दबदबा होता.

एके दिवशी नंदिय नावाड्याला सभेत बांधून आणले. त्याच्या नावेतून एका श्रेष्ठीची लहान लेक नदीत पडून मेली होती, आणि तिच्या मनगटावर बोटांचे वळ होते. यानेच तिला धरून पाण्यात लोटले, असा श्रेष्ठीचा आरोप होता. अशा गुन्ह्याला त्याच नदीत बुडवून मारण्याची शिक्षा होती. नावेत आणखी एकच माणूस होते, नंदियाची बायको चंपिका. तिच्या हाती पात्र दिले गेले.

"महाराज, ह्यांनी पोरीचा हात धरला," ती म्हणाली.

"म्हणजे धरला ना?" श्रेष्ठीने विचारले.

"धरला, पण असा..." तिचे हात खाली झेपावले आणि मुठी आवळल्या. पात्र फरशीवर आदळले. सभा हसली. राजाने मान फिरवली आणि नंदियाला नदीवर न्यायला सांगितले.

अर्थदर्शींची नजर त्या बाईच्या मुठींवर खिळली होती. त्यांना भडभडून आले. इतकी वर्षे ही फरशी पुसली गेली, त्याबरोबर किती जणांचे खरे पुसले गेले असेल, या विचाराने त्यांना आपल्या स्थिर हातांची लाज वाटली.

ते उठले. अमात्याने पाणी सांडले तर त्याला हद्दपारी होती, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी पात्र हातात घेतले, शांतपणे उपडे केले आणि बाजूला ठेवले.

"महाराज, बुडवणारा असा ढकलतो," ते म्हणाले, आणि त्यांचे तळवे पुढे गेले. मग ते गुडघ्यांवर बसून नावेच्या काठावरून वाकावे तसे वाकले. त्यांचा हात खालून थरथरत वर येऊ लागला, आणि मध्येच बोटे रिकामी झाली. "ते वळ वर ओढणाऱ्याचे आहेत. पोर पाण्याने हिसकावून नेली."

कोणी हसले नाही. श्रेष्ठी तोंड झाकून रडू लागला. राजाची मूठ आसनाच्या कडेवर आपोआप आवळली गेली होती.

"नावाड्याला सोडा," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "पण पाणी सांडले आहे, अमात्य. वडिलांचा नियम माझ्याने मोडवत नाही."

"ठीक आहे, महाराज."

संध्याकाळी नंदियानेच त्यांना नदीपार सोडले. चंपिकाही नावेत होती. मागे नगरीत दुसऱ्या दिवसाच्या फिर्यादींसाठी पात्र पुन्हा भरून ठेवले गेले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, सोणिका भिक्षुणीला सांगितली. उपदेश करताना तिचे हात फार हलतात म्हणून सगळे तिची थट्टा करीत. एका वडीलधाऱ्या स्थविराने तिला हात आवरायला सांगितले होते, आणि आता ती हात चीवरात गुंडाळूनच बोलत असे. शास्ता म्हणाले, "तुला हात आवरायला सांगणारा स्थविर तेव्हा वंकसेन होता. तुझा भिक्षू झालेला भाऊ नंदिय होता, चंपिका तू होतीस आणि अर्थदर्शी मी. त्या जन्मी मी सत्यपारमिता पाळली, असे लोक म्हणतील. पण सोणिके, ते सत्य आधी तुझ्या हातांनी सांगितले होते."