ब्रोना आणि एल्डरची फुलं

आयर्लंडमध्ये, दलदलीच्या काठावर, गवताने शाकारलेल्या चिमुकल्या झोपडीत ब्रोना आणि तिची आई राहत. घरात शेळी एक आणि घोंगडी एक. त्यात आईला असा ताप चढला, की ती कुणालाच ओळखेना.

शेजारच्या नूलामावशी कुजबुजल्या, "एल्डरच्या फुलांचा काढा दे, पोरी. पण विचारल्याशिवाय फूल तोडू नकोस हो. त्या झाडात 'त्या' राहतात."

तिकडे परीला कुणी परी म्हणत नाही. तिला ऐकू गेलं तर?

धुक्यात एल्डरचं झाड एकटंच उभं होतं. वारा नव्हता, तरी त्याचे पांढरेशुभ्र तुरे हलत होते.

"माझी आई बरी व्हायला हवी. थोडीशी फुलं घेऊ का?" ब्रोनाने विचारलं.

खोडात दोन हिरवे डोळे उघडले. मग इवलीशी, चंदेरी पंखांची परी बाहेर आली. तिची सावली मात्र झाडाएवढी होती!

"घे, राणी," ती गोड आवाजात म्हणाली. "पण आईचा काढा पिऊन होईपर्यंत कुणाचेही आभार मानायचे नाहीत. माझेसुद्धा. नाहीतर फुलांची राख होईल."

आता आली का पंचाईत! ब्रोना म्हणजे शेळीने दूध दिलं तरी 'आभारी आहे हं' म्हणणारी मुलगी.

ओठ घट्ट मिटून तिने परडीत फुलं तोडून घेतली आणि ती निघाली. मागून पावलं वाजू लागली. ती थांबली, की पावलंही थांबत. घाबरून ती धावली आणि कमरेपर्यंत चिखलात रुतली. तेवढ्यात धुक्यातून एक गारगार हात पुढे आला. पाठीवर लाकडांचा भारा घेतलेल्या एका म्हाताऱ्याने तिला बाहेर ओढलं, फुलांची परडीही उचलून दिली.

"काहीच म्हणणार नाहीस होय, बाळ?" त्याने विचारलं.

शब्द अगदी जिभेवर आला होता. ब्रोनाने तो गिळला. तिला इतकी लाज वाटली, की डोळे भरून आले. घरी जायची घाई होती, तरी तिने त्याचा भारा स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि 'कुठे नेऊ?' असं खुणेनेच विचारलं.

भारा हलका होत होत नाहीसाच झाला. म्हाताऱ्याच्या जागी परी उभी होती!

"तोंडाने काय, सगळेच आभार मानतात गं," ती हसली. "पळ आता, आई वाट बघतेय."

लखकन् सोनेरी उजेड पडला, त्यात परी विरून गेली आणि धुक्यातून घरापर्यंत वाट मोकळी झाली.

ब्रोनाने चमच्याचमच्याने सगळा काढा पाजला. आईला दरदरून घाम फुटला. तिने डोळे उघडले.

"ब्रोना," ती म्हणाली, "भूक लागली गं मला."

आणि ब्रोना आईच्या कुशीत शिरून मोठ्याने रडली.