सुताराचा दुसरा प्रश्न

त्या रानात प्रत्येक ढोलीला लाकडाचं बूच होतं आणि ठरलेला शब्द उच्चारल्याशिवाय ते निघत नसे. दारावर सुतार पक्षी बसे. तोंड पाहायचं नाही, फक्त शब्द ऐकायचा, हा त्याचा नियम. खारींनी त्यात आपली सोय करून घेतली होती: घरी परतताना त्या तीन झाडं लांबूनच आपला शब्द ओरडत, म्हणजे पोहोचेपर्यंत दार उघडलेलं असे.

पानांत दडलेला टकाचोर पक्षी ते ऐके. त्याला कुणाचाही आवाज हुबेहूब काढता येई. एका दुपारी एक ढोली रिकामी झाली. आत पिल्लं होती.

"शब्द बदला," वडीलधाऱ्या खारी म्हणाल्या, आणि नवे शब्दही लांबूनच ओरडू लागल्या.

झिणी नावाच्या तरण्या खारीला हे पाहवेना. तिने गुळवेलीचे लांबच लांब तंतू सोलले. एक टोक सुताराच्या पायाशी, दुसरं घरधनिणीच्या मनगटाला. शब्द ऐकला की सुतार तंतूला झटका देणार. तिकडून उलट झटका आला, तरच बूच काढणार.

"माझ्याच घरात शिरायला मी दोनदा परवानगी मागू?" भागीमावशी फणकारली. "चार पानं काय वाचलीस, आम्हाला बेड्या घालायला निघालीस!"

"मावशी, तुमच्या तिन्ही पिल्लांचे डोळेही उघडले नाहीत अजून. हात पुढे करा. रागवा मागाहून."

मावशीने तंतू दोनदा कुरतडला. झिणीने तो तिसऱ्यांदा बांधला, आणखी घट्ट.

चौथ्या दिवशी दोघी ओढ्यापलीकडच्या बोरीवर बोरं खात होत्या. मावशीच्या मनगटाला झटका बसला.

"काय बाई ही कटकट!" तोंडातलं बोर सांभाळत तिने सवयीने उलट झटका द्यायला हात उचलला.

"मावशी, तुम्ही कुठे आहात?"

"दिसत नाही का? बोरीवर."

"मग दारात कोण आहे?"

मावशीच्या तोंडातलं बोर खाली पडलं. पुन्हा झटका बसला, या वेळी जोरात. तिने दुसऱ्या हाताने आपलंच मनगट छातीशी आवळून धरलं.

ओढ्याच्या अलीकडे, बंद ढोलीसमोर, मावशीच्या गोड आवाजात कुणीतरी तोच शब्द तिसऱ्यांदा उच्चारला. सुताराने बुचावर टेकवलेली चोच तसूभरही हलवली नाही.