सुभेदारांच्या पुढची होडी

थोरांना त्यांच्याच मानात अडकवणाऱ्या कथांत कुठे पालखी अडते, कुठे हत्ती. खाडीकाठच्या पाठात अडते ती नाव. वेळसईची गोदी आणि खाडी यांच्यामधला दरवाजा भरतीला उघडे, ओहोटीला मिटे. त्या दिवशी दरवाजा उघडा होता, पण सुभेदारांच्या नावेआधी कुणी आत शिरायचे नाही, असा हुकूम होता. आणि सुभेदार निवांत विडा लावत बसले होते. मागच्या होडीत चांगुणा कोळिणीची सून बाळंतपणात अडली होती आणि सुईण गोदीपलीकडे होती. एका विड्यासाठी एका बाईचा जीव टांगणीला!

चांगुणेच्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी तिने हात जोडले. “सरकार, पुढं भालदार नाही, चोपदार नाही, तुम्हीच पहिले शिरणार?”

“मग? मान आमचाच!”

“पहिला शिरतो तो भालदार, सरकार. काठावरची माणसं तुम्हाला भालदार समजतील, आणि मागनं धनी कधी येतोय म्हणून वाट बघत बसतील.”

सुभेदार दचकले. “मग तू हो पुढे! आणि ललकारी दे!”

चांगुणेने ललकारत होडी हाणली. मागच्या खोळंबलेल्या होड्याही ललकारत निघाल्या. भालदार वाढताहेत म्हणून सुभेदार मिशीवर हात फिरवीत राहिले. सून सुईणीच्या ओटीवर पोचली तोवर ओहोटी लागली. दरवाजा मिटला, आणि सुभेदारांची नाव बाहेर चिखलात बसली.