कोकीळरावांची घरटे-बांधणी कार्यशाळा

पक्षीसुद्धा प्रमाणपत्रं मागू लागले होते, त्या काळातली गोष्ट. जन्मात एक काडी न उचललेल्या कोकीळरावांनी कावळ्यांसाठी घरटं बांधण्याची कार्यशाळा ठेवली.

आदल्या दिवशी त्यांनी बायकोला विचारलं, “तुला किती वेळ लागेल?”

“एका घरट्याला दोन मिनिटं. पण अहो, कावळे मध्येच घरी यायला नकोत.”

“छे! गट पाडतो, डोळ्यांवर पानं बांधतो आणि चोचीतून चोचीत काडी फिरवायला लावतो. घराची आठवणसुद्धा येणार नाही.”

कार्यशाळा फार रंगली. संध्याकाळी प्रमाणपत्र घेऊन परतलेल्या कावळीने घरट्यात डोकावलं. सकाळी तीन अंडी होती, आता चार.

“अहो, बघा,” ती नवऱ्याला कौतुकाने म्हणाली, “एका दिवसात केवढा फरक! पुढच्या वर्षी दोन दिवसांची ठेवा म्हणावं.”