करारीपुऱ्याची मुकी पंगत

बुंदेलखंडात धसान नदीच्या काठी करारीपुरा नावाचं गाव आहे. बाकी सगळ्या मुलखात वऱ्हाड जेवायला बसलं की बायका पडद्याआडून गारी गातात. गारी म्हणजे व्याह्याला बुंदेली बोलीत खणखणीत शिव्या! त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो आणि रागवायचं कुणी नाही. करारीपुऱ्यात मात्र चकार शब्द निघत नाही. पाहुण्यांनी विचारलं की गावातले म्हातारे हरजू कक्का आधी बजावतात, "गोड लागेल असं काही नाही हं त्यात," आणि मग सांगू लागतात.

फार पूर्वी इथे मथरी नावाची बाई होती म्हणे. गारी रचावी तर तिनेच. तिच्या एकुलत्या लेकीचं, गेंदाचं, लग्न निघालं. वऱ्हाड आलं त्याच दिवशी बांगड्या भरायला आलेली कासारीण मथरीच्या कानाशी लागली, "अगं, नवऱ्यामुलाची पहिली बायको पाय घसरून नाही मेली. सासऱ्यानं विहिरीत लोटलं तिला."

मथरी नवऱ्याकडे धावली. तो खेकसला, "वऱ्हाड दारात उभं, आणि तू कासारणीच्या गप्पा ऐकतेस? तोंड बंद ठेव!"

चार पुरुषांत बाईला तोंड उघडता येई ते फक्त गारीत. मथरीनं तेच केलं. पहिली सून विहिरीत लोटलीस, आता माझी गेंदा न्यायला आलास का रे मेल्या, ऊठ, चालता हो! रडत रडत गायली, असं सांगतात. पंगत हसून हसून लोळली. गेंदाचा बापही हसला. व्याह्याचा घास क्षणभर हातातच राहिला. मग तोच सगळ्यांत मोठ्यानं हसला आणि बक्षिसाचा रुपया पडद्याखालून सरकवत म्हणाला, "वा विहीणबाई! पुन्हा होऊ द्या!"

गेंदा सासरी गेली. पावसाळा सरायच्या आत निरोप आला, पाणी काढताना पाय घसरला म्हणून.

"ओरडायला हवं होतं गं मी," मथरी येईल त्या बाईला म्हणायची, "आणि मी गात बसले." गावात पुढचं लग्न निघालं तेव्हा ती पडद्याआड ओठ मिटून बसली. तिच्याकडे बघून एकीनंही तोंड उघडलं नाही.

आजही करारीपुऱ्यात वऱ्हाड मुकाट जेवतं. नवऱ्यामुलाचा बाप रिवाज म्हणून पडद्याखालून रुपया सरकवतो. तो कुणी उचलत नाही. जेवणं आटोपली की बायका उष्ट्या पत्रावळींबरोबर तो झाडून उकिरड्यावर टाकतात.