पितळेची अक्षरं

खडप्याच्या किनाऱ्यावर पुण्याचा एक पोरगा भोवऱ्यात बुडाला, तेव्हा धोक्याची पाटी समोरच उभी होती. पण तिच्यावरचा इशारा साध्या रंगाने लिहिलेला, आणि खाऱ्या वाऱ्याने तो केव्हाच खाऊन टाकलेला.

गावसभेत किनारा समितीचे अध्यक्ष दळवी हात झटकून म्हणाले, "अहो, समुद्राचा वारा तो! त्याच्यापुढे कुठली पाटी टिकायची?"

खानावळवाल्या सुमतीबाई उठल्या. पोरगा त्या दुपारी त्यांच्याकडेच जेवला होता.

"टिकते की, भाऊसाहेब! त्याच पाटीवर खाली तुमचं नाव आहे. पितळेची अक्षरं, पितळेच्याच स्क्रूंनी सागवानात बसवलेली. जरा हिरवट पडलंय, पण रस्त्यावरून वाचता येतं. आता इशारा पितळेत बसवा आणि तुमचं नाव त्या रंगाने लिहा."

सभा खो खो हसली. दळवींना तशीच पाटी करावी लागली.

वर्षश्राद्ध उरकून पोराचा बाप किनाऱ्यावर आला. पाटी वाचत वाचत मागे रस्त्यापर्यंत गेला. मग सुमतीबाईंना म्हणाला, "केवढ्या लांबून वाचता येते हो!"