तेराव्या महिन्याची अंडी

“महिना धरत नाही म्हणजे? मग तीस दिवस मी इथे काय झोपा काढल्या?” टिटवी कडाडली.

राष्ट्रकूट राज्य करत होते, तेव्हाची ही गोष्ट. त्या साली ज्येष्ठ दोनदा आला आणि वर्षाचे महिने तेरा झाले. तळ्याकाठच्या जनावरांचा रिवाज असा, की एका जागी महिनाभर राहिलेल्याला तिथून कुणी उठवायचं नाही. टिटवी अख्खा अधिक ज्येष्ठ भाजत्या खड्यांवर चार अंडी उबवत बसली होती. आता आतून टकटक ऐकू येत होती, आणि रेड्याला नेमकं तिथंच लोळायचं होतं.

न्यायाला बसली होती देवळातली घटका मोजणारी तांब्याची वाटी. ती ठसक्यात म्हणाली, “टिटवीबाई, अधिक म्हणजे मलमास. त्यातलं काही धरत नाहीत. आज खऱ्या ज्येष्ठाची प्रतिपदा. तू आजच आलीस असं समज आणि ऊठ.”

“ऐकलंस ना? नीघ!” रेड्यानं खूर उचलला.

टिटवी तसूभर हलली नाही. तिनं वाटीकडे मान वळवली.

“माझा महिना धरायचा नसेल, तर त्याच महिन्यात तू रोज साठ वेळा पाण्यात बुडून मोजलेल्या घटकाही धरू नकोस, आणि मग आज प्रतिपदा आली कशी, ते या रेड्याला समजावून सांग!”